जुने तेल

वाचकांना नवल वाटेल, पण गेल्या उन्हाळ्यात गाडीच्या तेलापायी माझी दोन रात्रींची झोप उडाली.

मी मुलाकडे अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. नोकरी सोडून त्याने सुतारकामाची लहानसहान कामे घ्यायला सुरुवात केली आहे आणि त्यासाठी एक जुना ट्रक घेतला आहे. ट्रक म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तो नव्हे. पुढे माणसांची बैठक, मागे उघडा हौदा, एवढीच ती गाडी. एक लाख नव्वद हजार मैल, म्हणजे तीन लाखांवर किलोमीटर, पायाखाली घातलेली. गिअर आपोआप बदलणारे. त्या गिअरबॉक्समधले तेल आधीच्या मालकाने कधी बदलले होते की मुळीच नाही, याचा एकही कागद नव्हता. आता ते बदलावे की नाही?

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. अशा गिअरबॉक्समध्ये पायाने दाबायचा क्लच नसतो. आत घर्षणाचे अस्तर लावलेल्या चकत्या तेलात असतात आणि तेलाच्याच दाबाने त्या एकमेकींना घट्ट धरतात. अस्तर झिजते, त्याची पूड तेलात मिसळते, मूळचे लाल तेल तपकिरी होत जाते. गाडीवाल्यांत एक जुना समज आहे, की झिजलेल्या चकत्यांना त्या पुडीचाच आधार असतो. स्वच्छ तेल घातले की त्या घसरतात आणि चालती गाडी बसते. उलट जाणते सांगतात, की तेल बदलल्यावर बंद पडलेली गाडी बहुधा आधीच मरणपंथाला लागलेली असते. ती झटके देऊ लागली म्हणून तर मालकाला तेलाची आठवण झाली!

पहिल्या मेकॅनिकने हात वर केले. "बदलू नका. उद्या बिघडली तर तुम्ही माझ्याच नावाने ओरडाल." या बोलण्यात यंत्रशास्त्र किती आणि भीती किती, याचा विचार मी रात्री करीत पडलो. तेल न बदलता गाडी गेली, तर तिचे वय झाले होते. बदलल्यावर गेली, तर बदलणाऱ्याने घालवली. न करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. आणि या सवलतीलाच आपण कितीदा शहाणपण म्हणून खपवितो!

मेकॅनिकला नावे ठेवीत होतो खरा, पण डोळ्यांपुढे होते चिपळूणजवळचे आमचे घर आणि बाग. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे. दर दिवाळीला आम्ही भावंडे तिथे जमतो, फराळ करतो, आणि वारसनोंदीचा विषय कोणी काढत नाही. "गोडीगुलाबीनं चाललंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे वाक्य बहुतेक माझेच असते. दादा आता 78 वर्षांचा आहे. आमच्यानंतर ही गाठ कोणी सोडवायची? आमची मुले तर एकमेकांना नीट ओळखतही नाहीत. पण धास्ती होती ती निराळीच: आमच्या प्रेमाला या न बोललेल्या गोष्टींचाच तर आधार नसेल?

दुसरा मेकॅनिक म्हातारा होता. तेल मोजायची पट्टी काढून त्याने आधी हुंगली. जळका वास आला तर चकत्या संपल्या, मग तेलावर पैसे घालू नका, म्हणाला. वास तसा नव्हता. यंत्र लावून सगळे तेल एकदम उपसायला मात्र त्याने नकार दिला. तळाचे पसरट भांडे सोडले की तिसरा हिस्सा, फार तर निम्मे तेल उतरते. तेवढेच बदलायचे, काही शे मैल गाडी चालवायची, मग पुन्हा तेवढेच. भांड्यातल्या लोहचुंबकावर राखाडी लेप होता, बोटाला मऊ लागणारा. "तुकडे नाहीत. हे नुसते वय."

ट्रक बसला तर मुलाचा धंदा बसणार होता. "बाबा, तुम्हीच सांगा."

नेहमीचे वाक्य ओठांवर आले होते. ते गिळून मी म्हणालो, "बदल. बिघडला तर दोष माझ्यावर घाल."

त्यानंतर त्याने दोनदा तेल बदलले आहे. ट्रक चालतो. सकाळी गार असताना पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना जरा अडखळतो. तो नव्या तेलामुळे की आधीपासूनच, यावर आमचे एकमत नाही.

परत आल्यावर मी दादाला फोन केला. सातबाऱ्याचे नाव काढताच पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, "दिवाळीला येतोयस ना? चष्मा विसरू नकोस. कागदांवरचं अक्षर फार बारीक आहे."