दैवाचा वाटा

वीस लिटरांहून कमी पाण्याच्या काचेच्या पेटीत प्रवाळ जगवण्याचा छंद जगात बऱ्याच ठिकाणी रुजला आहे. शंभरेक लिटरांपर्यंतच्या टाकीला हे छांदिष्ट ‘नॅनो’ म्हणतात, विसाच्या आतल्या टाकीला ‘पिको’. आत थोडा लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणूंनी वसलेला दगड, त्यावर चिकटवलेले प्रवाळाचे दोन-चार तुकडे, एखादी कोळंबी, काही शंख, वर निळसर दिवा आणि पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप. या छंदाविषयी बोलणारे सहसा दोन गोष्टी सांगतात. कुणाला त्यात निखळ सौंदर्य दिसतं, कुणाला मुक्या जिवांची कैद. दोन्हींत तथ्य आहे, पण मला त्याआधीचा एक प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो कर्माचा आहे. एखाद्या जिवाचं सगळं जग आपणच आखून दिलं, तर त्या जगात जे घडेल त्यातलं आपलं किती आणि दैवाचं किती? माझं म्हणणं असं की, पाणी जितकं कमी तितका दैवाचा वाटा कमी आणि पाळणाऱ्याचा जास्त. आणि अगदी लहान टाकीत काही न करणं हेही पुऱ्या वजनाचं कर्म असतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे कर्म जिथे घडतं ती जागा, करणारा, त्याची साधनं, त्याच्या हालचाली आणि या चारांच्या हाती नसलेलं उरलेलं सगळं. ही विभागणी सहसा माणसाचा अहंकार उतरवण्यासाठी वापरली जाते: बाबा रे, तू पाचांतला फक्त एक आहेस. पण तीच विभागणी उलट्या बाजूनेही वाचता येते. लक्षद्वीपच्या एखाद्या प्रवाळखडकावर शंखातला प्राणी मेला, तर खेकडे आणि किडे त्याचा फडशा पाडतात, उरलेला अमोनिया भरती-ओहोटीच्या पाण्यात विरून जातो. त्या मरणाला कर्ता शोधावा लागत नाही. तोच शंख वीस लिटरांच्या टाकीत दगडामागे मेला आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आला नाही, तर तोच अमोनिया आतल्या सगळ्यांच्या जिवावर उठतो. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडात असतात, पण ते रोजच्या ओझ्यापुरते वाढलेले असतात, अचानक आलेल्या ओझ्यापुढे अपुरे पडतात. जागा आपण निवडली, साधनं आपली, शंख आणला आपण, लक्ष दिलं नाही तेही आपण. पाचांतली चार कारणं आपल्याच नावावर जमा होतात.

खारेपणाचा हिशोब तर याहून सरळ आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. वीस लिटरांतलं एक लिटर उडालं की ते प्रमाण जवळजवळ 37 वर जातं, आणि उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेल्या उघड्या टाकीतून एवढं पाणी उडायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून रोज गोडं, शुद्ध पाणी घालावं लागतं. प्रवाळ आपला सांगाडा बांधायला पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतो. समुद्रात त्याचा साठा संपत नाही, टाकीत काही दिवसांत उतरलेला दिसतो. रात्री दिवा बंद झाला की प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालू राहतं, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पाण्याचा पीएच घसरतो. शेजारी ठेवलेले दोन प्रवाळ रात्री लांब शुंडके सोडून एकमेकांना दंश करतात. समुद्रात तो त्यांचा जुना जागेचा झगडा, पण इथे त्यांना एका विताच्या आत कुणी ठेवलं? दगडाबरोबर आलेलं एप्टेशिया नावाचं काचेसारखं समुद्रफूल भराभर पसरून प्रवाळांना जाळतं, म्हणून पाळणारा त्याला सुई टोचून मारतो. त्या जिवाचा अपराध इतकाच की तो नको असताना आला. टाकीतला कोण ‘आपला’ आणि कोण ‘उपद्रवी’, हा निवाडासुद्धा पाळणाऱ्याचाच. मग दैवाकडे उरलं काय? वीज जाणं, पंप बंद पडणं? पण वीज जाते हे ज्याला ठाऊक आहे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बाजारात मिळतो हेही ज्याला ठाऊक आहे, त्याला तेही सगळं दैवाच्या खात्यावर टाकता येत नाही. जे आधी कळू शकत होतं ते दैवातून वजा होत जातं, आणि लहान टाकीत कळू न शकणारं फार थोडं असतं.

यावर पहिला आक्षेप या छंदाच्या इतिहासातूनच येतो: योग्य समतोल एकदा साधला की निसर्ग आपलं आपण सांभाळतो, पाळणाऱ्याने फक्त पाहायचं. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1850 साली मांडलेली कल्पना हीच होती. मासे, पाणवनस्पती आणि सडलेली पानं खाणारे शंख एकत्र ठेवले की प्रत्येकाचं उष्टं दुसऱ्याचं अन्न होतं. ही कल्पना श्रद्धाळू इंग्लंडला फार भावली, कारण त्या काचेआड त्यांना ईश्वराची योजना डोळ्यांसमोर चालताना दिसत होती. फिलिप हेन्री गॉस हा त्या काळातला कडवा धर्मनिष्ठ निसर्गअभ्यासक. 1854 मधल्या त्याच्या पुस्तकाने घरोघरी सागरी टाक्या पोचवल्या. पण समतोल आपोआप चालत नव्हता, याचा पुरावा त्याच्याही आधीचा आहे. लॉर्ड जॉन थिन या धर्मगुरूची पत्नी ॲना थिन हिने 1846 साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. ते जगावेत म्हणून रोज अर्धा-पाऊण तास त्यांचं पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं जाई, आणि हे ओतायचं काम घरातली एक मोलकरीण करी. समतोलाच्या या पहिल्यावहिल्या टाक्यांपैकी एक त्या मोलकरणीच्या दंडांवर उभी होती. आज तिच्या जागी पंप आहे, वीज आहे, महिन्याचं बिल आहे. काम थांबलेलं नाही, फक्त ते करणारा नजरेआड गेला आहे. आणि करणारा नजरेआड गेला की निसर्गच सांभाळतो असं वाटू लागणं साहजिक आहे.

गॉसच्या कहाणीला पुढचा एक भाग आहे, आणि या प्रश्नात मला तो सर्वांत जड वाटतो. त्याची पुस्तकं वाचून लोक इंग्लंडच्या किनाऱ्यांवर लोटले आणि खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी झाली. त्याचा मुलगा एडमंड याने 1907 च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की, सृष्टीविषयी इतका आदर बाळगणाऱ्या आपल्या वडिलांवर, त्यांनी कधी कल्पनाही न केलेल्या या नासाडीची थेट जबाबदारी आली आणि त्याचं त्यांना फार दुःख झालं. गॉसला फळाची लालसा नव्हती, हेतू शुद्ध होता, भक्ती खरी होती. तरीही डबकी रिकामी झाली. ‘निष्काम’ असणं पुरेसं आहे का, या प्रश्नाला इतिहासाने दिलेलं हे एक उत्तर मला मान्य करावं लागतं. फळाची आसक्ती सोडली म्हणून फळ घडायचं थांबत नाही, आणि ज्याच्यावर ते घडतं त्याला आपल्या मनाच्या शुद्धीचा काही उपयोग नसतो.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो गीतेतूनच घेता येतो. ‘मी कर्ता’ असं मानणारा अहंकाराने मोहित झालेला असतो, सगळं प्रकृतीचे गुण करतात. मग वीस लिटर पाण्यावर कर्तेपणाचं एवढं ओझं लादणं हा अहंकारच नाही का? मला वाटतं, इथे दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या जातात. प्रवाळ वाढला तर ‘मी वाढवला’ म्हणणं हा अहंकार खरा, कारण वाढण्याची कळ प्रवाळाच्या आणि त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या देहात आहे. पण प्रवाळ मेला तर ‘प्रकृतीने नेला’ म्हणणं हा त्याहून सोयीचा अहंकार आहे, कारण प्रकृतीचे हात आपणच काचेने तोडलेले असतात. लाट येऊ शकत नाही, खोल थंड पाणी वर येऊ शकत नाही, मासा दुसऱ्या खडकाकडे जाऊ शकत नाही. ज्याने हे सगळे मार्ग बंद केले त्याने कर्तेपण नाकारलं, तर ते नाहीसं होत नाही, फक्त बेवारस होतं. म्हणून या बाबतीत श्रेय न घेणं आणि दोष घेणं, दोन्ही एकाच वेळी योग्य असू शकतं. यात विसंगती नाही. मर्यादा नीट ओळखलेल्या माणसाचा हिशोब असाच असमान असायला हवा.

तिसरा आक्षेप जीवशास्त्रातून येतो. प्रवाळाला मेंदू नाही, नुसतं मज्जातंतूंचं जाळं आहे; त्याला कैद कळतच नसेल तर बंधन कुणाचं? प्रवाळ म्हणजे नेमकं काय, याबद्दल माणूस शतकानुशतकं गोंधळलेला होता. अठराव्या शतकात मार्सेयच्या पेसोनेल या निसर्गअभ्यासकाने तो प्राणी आहे असं सांगितलं, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांना ते पटलं नाही. ते त्याला वनस्पती समजत. आपल्याकडे पोवळं रत्नांत मोजलं गेलं आणि मंगळासाठी अंगठीत बसलं. पण जैन आगमांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनीही प्रवाळाला पृथ्वीच्या, दगड-रत्नांच्या वर्गात टाकलं, तरी जिवंत मानलं: पृथ्वीकायिक जीव, एकाच इंद्रियाचा. वर्गीकरण चुकलं असेल, पण आपल्याला त्याची जाणीव ओळखता येत नाही म्हणून तो हिशोबातून वगळावा, ही चूक त्यांनी केली नाही. शिवाय याच परंपरेत गृहस्थाच्या अहिंसाव्रताला लागणारे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. त्यांतला पहिला आणि शेवटचा टाकीला सरळ लागू होतो. बांधून ठेवणं हा स्वतंत्र दोष आहे, मारण्याच्या आधीचा, आणि बांधलेल्याला वेळेवर न देणं हा त्याच्याच पोटातून निघणारा दोष. यात वेदनेचं मोजमाप मागितलेलंच नाही. जिथे स्वतः काही मिळवता येणार नाही अशा स्थितीत तुम्ही कुणाला आणलंत, एवढंच विचारलं आहे. टाकीतल्या प्रवाळाला हा प्रश्न मेंदूशिवायही लागू पडतो.

मग समुद्रातून काही न घेता, टाकीतच वाढलेले जीव पाळले तर? हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण तो सुधारणेचा आहे. प्रवाळाचा तुकडा कापून दगडी बुंध्यावर चिकटवला की त्याची नवी वसाहत होते, तीच जनुकं घेऊन. क्लाउनफिश टाक्यांत पैदास होऊन वाढतात. मूळचा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीचा बांगाई कार्डिनल हा मासा अतिपकडीमुळे 2007 साली जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ ठरला. त्याचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, त्यामुळे तो पैदाशीला सोपा आहे आणि पाळायचाच असेल तर पैदाशीचाच पाळावा, यात शंका नाही. सायनाइड फवारून मासे गुंगवण्याची फिलिपीन्स-इंडोनेशियातली पद्धत ज्याला ठाऊक आहे, त्याला हा फरक लहान वाटणार नाही. भारतात तर खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे समुद्रातून उचलून ते घरी आणण्याचा प्रश्न इथे कायद्यानेच मिटवला आहे. पण पैदाशीने हिरावून घेण्याचा दोष जातो, अवलंबून ठेवण्याचा दोष राहतो, किंबहुना वाढतो. समुद्रातून आणलेल्या माशाचं निदान कुठेतरी घर होतं. टाकीत जन्मलेल्याचं पाळणाऱ्याखेरीज कुणीच नाही. क्लाउनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षांहून जास्त जगतो. म्हणजे एका लहान माशासाठी दिलेला शब्द एखाद्या संसाराइतका लांब असतो.

आणि इथून बाहेर पडायला संन्यासाचा मार्गही नाही. कंटाळा आला, बदली झाली, उपरती झाली, म्हणून टाकी समुद्रात रिकामी करता येत नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शैवालाची टाक्यांत वाढलेली जात 1984 साली मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात जेमतेम एक चौरस मीटर पसरलेली आढळली. पुढे तिने भूमध्य समुद्राचा तळ हजारो हेक्टर झाकला. अटलांटिकच्या अमेरिकी बाजूला आज सर्वत्र दिसणारा लायनफिश तिथला नाही. त्याचं मूळ फ्लोरिडातल्या टाक्यांमधून सोडलेल्या माशांत असावं, असं मानलं जातं. ‘मी त्यांना मुक्त केलं’ असं ज्याला वाटलं, त्याने दुसऱ्याच्या घरात संकट सोडलं. नियत कर्माचा त्याग मोहाने केला तर तो तामस, असं गीता म्हणते ते इथे अगदी शब्दशः खरं ठरतं. म्हणून माझा कल स्पष्ट आहे: ज्याला हे सगळं अनेक वर्षं पेलायचं नसेल त्याने सुरुवात करू नये, आणि विशेषतः लहान टाकीने करू नये. लहान टाकी स्वस्त आणि सोपी म्हणून नवख्यांना सुचवली जाते, पण चूक पचवायला तिच्यात पाणीच नसतं.

शेवटचा आक्षेप टाकीबाहेरून येतो आणि तोच मला टाळता येत नाही. कुणी म्हणेल, एवढासा छंद, त्यावर इतका विचार कशाला, जेव्हा मोठा समुद्रच पांढरा पडतो आहे? नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली की प्रवाळ आपल्या पेशींतली शैवालं बाहेर टाकतो आणि विरंजित होतो. लक्षद्वीपमध्ये हे 1998, 2010, 2016 आणि 2024 साली मोठ्या प्रमाणावर घडलं. पण टाकीचा हिशोब ज्याने नीट केला आहे त्याला हे वेगळं प्रकरण वाटणार नाही. वातावरणात अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्राने घेतली आहे, आणि ती अडकवणारा वायू आपण सोडला आहे. म्हणजे समुद्रातलाही दैवाचा वाटा घटतो आहे. लक्षद्वीपच्या खडकावरच्या मरणाला कर्ता शोधावा लागत नाही, असं मी वर म्हटलं. ते शंखाच्या मरणापुरतं खरं आहे, विरंजनाच्या मरणाला आता ते लागू होत नाही. इथे कर्ते कोट्यवधी आहेत, हे खरं. पण कर्त्यांची संख्या वाढल्याने कर्माचे भाग पडतात, कर्म शून्य होत नाही, आणि प्रत्येकाचा भाग सारखाही नसतो: ज्याची वीज जास्त, प्रवास जास्त, त्याचा भाग जास्त. टाकीसमोर बसलेल्या माणसाला आपला भाग थर्मामीटरवर वाचता येतो. समुद्राच्या बाबतीत तो इतका थेट वाचता येत नाही, आणि न दिसणारा वाटा नसलेला वाटा मानण्याची मुभा टाकीने आपल्याला कुठेच दिलेली नाही.