भक्तनिवास आणि अतिथिधर्म

तीर्थयात्रेस निघालेल्या भाविकाच्या मनात ओढ असते ती देवदर्शनाची. परंतु क्षेत्री पाऊल ठेवताच त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न मात्र अगदी लौकिक असतो. रात्री पाठ कोठे टेकावी, लेकराबाळांना काय खाऊ घालावे, वृद्ध माता-पित्यांना स्नानास ऊन पाणी मिळेल काय? आपल्या धर्माने हे प्रश्न कधीच गौण मानले नाहीत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्यास आचार्य जो उपदेश करतात, त्यात माता, पिता आणि आचार्य यांच्या पंक्तीस अतिथीलाही बसविले आहे. अतिथीची सेवा हा मुख्यतः गृहस्थाचा, म्हणजेच घराचा धर्म आहे. म्हणून ज्या वास्तूत यात्रेकरू उतरतो ती धर्मशाळा असो, भक्तनिवास असो, की एखाद्या कुटुंबाने दोन खोल्या राखून चालविलेली घरगुती सोय असो. तिला प्रथम घर व्हावे लागते. भिंती, छत आणि कुलूप एवढ्याने घर होत नाही.

श्रीमद्भागवताच्या नवव्या स्कंधात राजा रंतिदेवाची कथा आली आहे. अठ्ठेचाळीस दिवस त्यास व त्याच्या कुटुंबास अन्नपाणी मिळाले नाही. एकोणपन्नासाव्या दिवशी थोडे अन्न आणि पाणी समोर आले, आणि आता घास तोंडात जाणार तोच एक ब्राह्मण अतिथी दाराशी आला. त्याचे पोट भरले. मागोमाग एक शूद्र आला, नंतर कुत्र्यांसह एक जण आला, आणि अन्न संपले. उरलेले घोटभर पाणी राजा ओठांस लावणार, एवढ्यात समाजाने दूर लोटलेला एक तहानलेला मनुष्य आला व ते पाणीही राजाने त्यास दिले. या कथेत राजाने किती दिले याला फारसे महत्त्व नाही. शेवटी तर ते घोटभर पाणीच होते. महत्त्व आहे ते शेवटी आलेल्याचे. पहिल्या पाहुण्याचे स्वागत कोणीही करतो. रात्र उलटत आली असता, खोल्या भरून गेल्या असता, खिशात पैसा नसलेला जो शेवटी येतो त्याच्याशी दार कसे वागते, यावरून त्या वास्तूची पारख होते.

पैठणच्या श्रीसंत एकनाथ महाराजांचे घर असे पारखून सिद्ध झालेले घर होते. श्राद्धासाठी रांधलेल्या अन्नाच्या सुवासाने दारावरून जाणाऱ्या भुकेल्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाचा जीव कासावीस झाला, तेव्हा नाथांनी ते सर्व अन्न त्यांना पोटभर वाढले, ही कथा सर्वश्रुत आहे. कीर्तनातून नाथांचे औदार्य नेहमीच गायिले जाते. परंतु निमंत्रित यायची वेळ झालेली असताना पुन्हा चूल सारवून, पुन्हा स्नान करून, सगळा स्वयंपाक नव्याने रांधणाऱ्या गिरिजाबाईंचा उल्लेख तेवढा ठळकपणे होत नाही. अतिथिधर्माचा भार पुष्कळदा अशा हातांवर असतो की ज्यांचे नाव कोणत्याही फलकावर लागत नाही.

हा धर्म घराच्या उंबरठ्याबाहेर नेऊन सार्वजनिक करणाऱ्यांत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५–१७९५) यांचे स्थान मोठे आहे. काशी, गया, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्रांत त्यांच्या खासगीच्या उत्पन्नातून घाट, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभी राहिली. त्यातील अन्नछत्रे विशेष ध्यानात घ्यावीत. घाट एकदा बांधला की शतकभर राहतो. अन्नछत्रास मात्र रोज सकाळी नव्याने धान्य लागते.

गेल्या शतकात या विषयाचा सर्वांत खोल विचार कोणी केला असेल, तर तो शाळेची पायरी न चढलेल्या एका फकिराने. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच श्रीसंत गाडगे महाराज, अंगावर चिंध्या, डोक्यावर खापर आणि हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले. आषाढी-कार्तिकीस ते पंढरीस येत. परंतु त्यांचा मुक्काम राउळापेक्षा चंद्रभागेच्या वाळवंटात अधिक. तेथील घाण झाडणे हीच त्यांची पूजा होती. त्या वाळवंटात त्यांनी जे पाहिले, ते इतरांनाही दिसत होतेच. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, ते वारकरी शेकडो मैल चालून येत आणि त्यांना टेकायला छप्पर मिळत नसे. गावात धर्मशाळा होत्या, परंतु त्या ज्याच्या त्याच्या जातीच्या. ज्या विठ्ठलाच्या महाद्वाराशी संत चोखामेळ्यांची समाधी आहे, त्याच विठ्ठलाच्या गावी चोखोबांच्या वंशजांनी पावसात भिजत रात्र काढावी, हे बाबांना सोसवले नाही. लोकांकडून पैसा-पैसा, वीट-वीट मागून त्यांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. राहण्याचे दार त्याच्या कितीतरी आधी उघडले होते.

पुढे नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशा ठिकाणी बाबांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. त्यांचा हिशेब विश्वस्तांच्या हाती असे. बाबा स्वतः त्यांतील कशाचेच मालक झाले नाहीत. आपल्या कुटुंबासही त्यांनी तेथे ऐसपैस राहू दिले नाही आणि स्वतःची भाकर गावात काम करून, मागून, उघड्यावर बसून खाल्ली. ज्या हातांतून लक्षावधी रुपये गेले, त्या हातांत शेवटपर्यंत खराटाच राहिला. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, प्रवासातच त्यांनी देह ठेवला.

बाबांच्या या कार्यातील एक गोष्ट आजच्या प्रत्येक भक्तनिवासाने मनावर कोरून ठेवावी. चोखामेळा धर्मशाळेची वास्तू बाबांनी पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. यात्रा वर्षातून काही दिवसांची. शिकणारे मूल मात्र बारा महिने छप्पर शोधत असते. हे ज्याने ओळखले, त्यालाच अतिथी कोण हे खऱ्या अर्थाने कळले होते. आज मुंबईत दादर येथे बाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी गावोगावहून आलेले रुग्ण आणि त्यांचे आप्त अल्प खर्चात राहतात. त्यांच्या यात्रेस पर्वकाळ नसतो, आणि परतीची तिथी तर कोणालाच ठाऊक नसते.

विदर्भातील शेगाव येथे श्री गजानन महाराजांच्या संस्थानात हाच विचार निराळ्या रूपाने नांदताना दिसतो. श्रींनी ८ सप्टेंबर १९१० रोजी समाधी घेतली. तेथील भक्तनिवासाची स्वच्छता पाहून प्रथमच येणारा भाविक थक्क होतो व पुष्कळदा विचारतो, की हे जमते कसे? उत्तर तेथे पांढऱ्या वेशात झाडू, पाणी, पादत्राणे आणि पंगती सांभाळणाऱ्या सेवेकऱ्यांत आहे. शेती, नोकरी, दुकान सांभाळून ही मंडळी पाळीपाळीने विनावेतन सेवेस येतात आणि पाळी संपली की आपल्या गावी जातात. भाविकांकडून येणाऱ्या द्रव्यातून रुग्णसेवा, सातपुड्यातील आदिवासी बांधवांसाठी औषधोपचार, गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ-मृदंग अशी कार्ये चालतात; १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. संस्थानची धुरा दीर्घकाळ वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले, तेव्हा त्यांच्याविषयी जो तो एकच गोष्ट सांगत होता: संस्थानचा चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. गाडगेबाबांच्या खराट्याचीच ही परंपरा म्हणावी.

मोठ्या संस्थानांचे सर्वांना दिसते. त्यामानाने कोकणातील क्षेत्रांच्या वाटेवर नारळी-पोफळीच्या आड लावलेली ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ ही साधी पाटी दुर्लक्षित राहते. गणपतीपुळे, हरिहरेश्वर, दिवेआगर येथे मोठी भक्तनिवासे थोडी; यात्रेकरू उतरतो तो कोणाच्या तरी वाडीत, पडवीशेजारच्या खोलीत. पानावर घरच्या तांदळाचा भात, सोलकढी, आणि आधी सांगून ठेवले असल्यास उकडीचे मोदक येतात. वाढणारी त्या घरची आजी असते किंवा सून. या खोल्यांच्या भाड्याचा पैसा कोठे जातो? तो नारळवाल्याकडे, दूधवाल्याकडे, कोकम-सरबत व पापड करणाऱ्या बचत गटातील बायकांकडे, रिक्षावाल्याकडे आणि मुलांच्या शाळा-महाविद्यालयाच्या शुल्काकडे जातो. ज्या कोकणाने पिढ्यान्पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीची वाट पाहिली, त्याला देवाच्या पाहुण्याने गावातच मीठ-भाकर दिली.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरची कहाणी या दृष्टीने प्रत्येक यात्रेकरूने ऐकावी अशी आहे. गाव पुरातन, श्रीरूपनारायणाचे सुंदर शिल्प तेथे शिलाहारकाळापासून आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी सुपारीच्या एका बागेत खोदकाम चालू असता तांब्याची पेटी लागली आणि तीत श्रीगणेशाचा सुवर्ण मुखवटा निघाला. वार्ता पसरली, भाविकांची रीघ लागली, आणि शांत आगरी वस्तीत घराघरांतून पाहुण्यांसाठी खोल्या सिद्ध झाल्या. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दरोडेखोरांनी मंदिराच्या दोघा पहारेकऱ्यांचा जीव घेऊन मुखवटा लुटून नेला. सोने वितळविले गेले. देव गेला, तशी गर्दीही ओसरली. दर्शनास येणाऱ्यांवर ज्यांच्या चुली पेटत होत्या, त्या चुली थंडावल्या. त्यातून सावरत असतानाच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आदळले आणि माड-पोफळी मुळासकट उन्मळून पडल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरेपर्यंत पाच-सात वर्षे जातात. म्हणजे त्या वाड्यांनी एका दिवसात अनेक वर्षांची मिळकत गमावली. नोव्हेंबर २०२१ मध्ये श्रींच्या नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली.

या कहाणीतून एक प्रश्न उभा राहतो आणि तो यात्रेकरूस विचारलेला आहे. मुखवटा नव्हता त्या जवळजवळ दहा वर्षांत मंदिर तेथेच होते, समुद्र तेथेच होता, आणि पानावर मोदक वाढणारी आजीही तेथेच होती. मग भाविक कोणाच्या दर्शनास येत होता? सोन्याच्या की श्रींच्या? ज्या घरी पूर्वी उतरलो, त्या घरी संकटाच्या वर्षी चौकशीसाठी एक पत्र, एक दूरध्वनी, जमल्यास एक मुक्काम, एवढे जरी झाले तरी ती खरी तीर्थयात्रा होय. अतिथिधर्म दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो. यजमानाने पाहुण्यास देव मानावे, हे सर्वांस आवडते. पाहुण्याने यजमानाचे घर देवाचे घर मानावे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

विसरण्याची उदाहरणे द्यायची तर पाण्यापासून सुरुवात करावी लागेल. कोकणात पावसाळा धो-धो बरसतो, पण एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. नेमक्या त्याच सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी असते. नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्या पाहुण्यास, शेजारच्या वाडीवरील बाई हंडा घेऊन किती चालते, हे दिसत नाही. निर्माल्य व प्लास्टिकच्या पिशव्या नदीत सोडणारा भाविक पुण्याऐवजी दुसऱ्याच्या पिण्याचे पाणी बिघडवून जातो. भाड्यासाठी घासाघीस करणाऱ्याने तर आपण घरी आलेल्या पाहुण्यास काय दराने जेवू घालतो, हे मनाशी पाहावे.

यजमानांच्या बाजूनेही सर्व काही निर्मळ आहे असे नाही. पर्वकाळी एका रात्रीचे दर तिप्पट करणारे, एकट्या आलेल्या वृद्धेस ‘जागा नाही’ म्हणणारे आणि सोबत गाडी दिसली की जागा काढून देणारे दरवाजे प्रत्येक क्षेत्री आहेत. व्यवसाय करावा, नफाही घ्यावा. त्यात अधर्म नाही. परंतु देवाच्या नावाची पाटी लावून चालणाऱ्या घराने एक खोली, निदान एक ओसरी, अशा शेवटच्या पाहुण्यासाठी राखून ठेवावी. जुन्या घरांतून रात्री झाकून ठेवलेली भाकरी असे, ती याचसाठी.

आता दानशूर भक्तांविषयी. भक्तनिवासाची खोली बांधून देणारे दाते, श्रींच्या कृपेने, सर्वत्र पुढे येतात. आई-वडिलांच्या स्मरणार्थ संगमरवरी पाटी लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु खोली बांधल्यानंतर तिचा खरा खर्च सुरू होतो. चादरी-अभ्रे रोज धुवावे लागतात. पाण्याची मोटर जळते. शौचालये दिवसातून अनेक वेळा साफ करावी लागतात, आणि ती साफ करणाऱ्याच्या मुलांनाही शाळा असते. या खर्चासाठी पाटी लागत नाही, म्हणून त्यासाठी देणगीही क्वचित येते. कित्येक ठिकाणी देखण्या इमारती गळक्या नळांनी आणि न धुतलेल्या गाद्यांनी केविलवाण्या झालेल्या दिसतात, त्याचे कारण हेच. नव्या दहा खोल्यांपेक्षा जुन्या पाच खोल्यांची वर्षभराची स्वच्छता हे मोठे दान आहे. तसेच भक्तनिवासासाठी लागणारे तांदूळ, गूळ, भाजी, मसाले, द्रोण-पत्रावळी हे पंचक्रोशीतील शेतकऱ्यांकडून व महिला बचत गटांकडून घ्यावे, असा आग्रह दात्यांनी धरल्यास एकाच रुपयात अन्नदान आणि ग्रामसेवा ही दोन्ही कार्ये साधतात. सेवकांच्या मुलांचे शिक्षण, रुग्णवाहिकेचे इंधन, गावच्या विहिरीचा गाळ उपसणे यांसाठीही देता येते.

ज्या भाविकांच्या मनात अशी सेवा करण्याचे असेल, त्यांनी देणगीची पावती घेताना हेतूच्या रकान्यात केवळ ‘बांधकाम’ न लिहविता ‘भक्तनिवास नित्य व्यवस्था’, ‘सेवक कल्याण’ अथवा ‘ग्रामकार्य’ असे स्पष्ट लिहवून घ्यावे व पावती जपून ठेवावी. ज्यांना द्रव्य देणे शक्य नाही, त्यांनी निघताना अंथरूण घडी करून ठेवावे, नळ व दिवे बंद करावेत, केर बादलीत टाकावा, आणि किल्ली देताना खोली झाडणाऱ्या सेवकास नावाने हाक मारून निरोप घ्यावा.