असत्याचा राजाश्रय

मिठबावच्या गजबादेवीसमोर, किंवा देवगड-मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून उभा राहिलेला मनुष्य बांधाच्या तंट्यात खोटी शपथ घ्यावयास आजही कचरतो. परंतु निवडणुकीच्या दिवसांत आपल्या पक्षाच्या सोयीची, कसलीही शहानिशा न केलेली वार्ता तोच मनुष्य मोबाईलवरून निःशंकपणे गावभर धाडतो, आणि आपल्या हातून काही अधर्म घडला असे त्याच्या मनास शिवतही नाही. खाजगी व्यवहारात जे पाप, ते राजकारणात चातुर्य कसे ठरावे? कोकणच्या इतिहासात या प्रश्नाचे एक दारुण उदाहरण आहे.

१७६१ साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, तरी त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात किंतु राहिला, आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई तर सौभाग्यलेणे न उतरविता त्यांची वाट पाहत राहिल्या. या आशेचा फायदा घेऊन सुखनिधान नावाच्या इसमाने आपणच भाऊ असल्याचा दावा मांडला. चौकशीअंती तो तोतया ठरला आणि कैदेत पडला. पुढे नारायणराव पेशव्यांचा खून होऊन बारभाईंचा कारभार रघुनाथरावांच्या पक्षाशी झुंजत असता, १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदाराने त्याला मोकळे केले. कोकणातील किल्ल्यामागून किल्ले त्याच्या स्वाधीन झाले, हजारो माणसे त्याच्या निशाणाखाली जमली, आणि बंड घाटमाथ्याला भिडले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी ते मोडले, पळालेल्या तोतयास राघोजी आंग्र्यांनी पकडले, आणि वर्ष संपण्यापूर्वीच पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

त्या जमावातील सारेच काही दुष्ट नव्हते. कित्येकांना भाऊंविषयी खरीखुरी निष्ठा होती, आणि नेमकी तीच निष्ठा लुबाडली गेली. सत्य काय ते चौकशीत आधीच ठरले होते. तरीही असत्य एकदा लोकांच्या आशेशी जडल्यावर पुराव्याने ते हटेना, फौजच पाठवावी लागली, आणि ज्याने त्यांना फसविले त्याच्यासाठी भोळी माणसे तलवारीला बळी पडली.

असत्य सर्वथा वर्ज्य आहे, असे आपले धर्मशास्त्रही म्हणत नाही. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’च्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात सत्याच्या अपवादांची सविस्तर मीमांसा केली आहे. कर्णपर्वातील कौशिकाने लपलेल्या निरपराध माणसांचा ठावठिकाणा सत्यव्रताच्या अभिमानाने दरोडेखोरांना सांगितला आणि तो नरकात गेला. पण या अपवादाची मर्यादा ध्यानात घ्यावी: कौशिकाने असत्य बोलावयाचे होते ते दुसऱ्याच्या प्राणांसाठी, आणि त्यात त्याचा स्वतःचा कवडीचाही लाभ नव्हता. सत्तेसाठी पसरविलेल्या असत्याला आपद्धर्माचे हे कवच लाभत नाही. युधिष्ठिराचा पक्ष न्यायाचा होता, समोर द्रोण सैन्याचा संहार करीत होते. तरीही अश्वत्थाम्याविषयीच्या त्या अर्धसत्यापायी त्याचा अधांतरी चालणारा रथ भूमीला टेकला, आणि पुढे त्याला नरकदर्शनही चुकले नाही. व्यासांनी धर्मराजालाही सूट दिली नाही; मग ती आपण आपल्या पक्षाच्या पुढाऱ्याला कोणत्या अधिकाराने द्यावी?

आणि लोकशाहीत तर हा दोष अधिकच गंभीर होतो, कारण येथे राजा मतदार आहे. कपटाने करून घेतलेले खरेदीखत न्यायालयात टिकत नाही, कारण त्यावर सही असली तरी मुक्त संमती नसते. असत्य ऐकवून मिळविलेले मत त्याहून निराळे नाही. हानी केवळ पराभूत उमेदवाराची होते, ही समजूत चुकीची आहे. जो विजयी उमेदवाराला मत देऊन समाधानाने घरी परतला, त्याचाही निर्णय त्याच्या नकळत दुसऱ्यानेच घेतलेला असतो.

म्हणून विरोधकांचे असत्य उघड करण्याआधी आपल्याच बाजूच्या माणसाने पसरविलेली खोटी वार्ता, ती कितीही उपयोगाची असली तरी, आपण स्वतः अडवावी, आणि जाणूनबुजून असत्य पसरविणाऱ्यास, तो आपल्या जातीचा, गावचा वा पक्षाचा असला तरी, मत देऊ नये, अशी मिठबावपासून मुंबईपर्यंतच्या प्रत्येक मतदारास माझी कळकळीची विनंती आहे.