विसरलेल्या आजीला देव विसरतो का?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १५.

या श्लोकात भगवंत स्वतःचा पत्ता देतात. पत्ता आहे आपलं हृदय. आणि लगेच पुढे ते तीन गोष्टी आपल्या नावावर घेतात : स्मृती, ज्ञान आणि अपोहन. अपोहन म्हणजे निघून जाणं, लोप पावणं. पहिल्या दोन गोष्टी आपल्याला आवडतात. परीक्षेला बसताना "देवा, सगळं आठवू दे" असं म्हणतोच की आपण. तिसऱ्या शब्दापाशी मात्र आपण घाईने पुढे सरकतो. आठवण देणारा तो, हे ठीक. पण ती जाणंही त्याच्याकडूनच?

मागच्या आठवड्यात एका वाचक ताईंचा मेसेज आला. त्यांच्या आजीने पन्नासेक वर्षं रोज संध्याकाळी हरिपाठ म्हटला. आता आजीला अल्झायमर आहे. देवघरातली विठ्ठलाची मूर्ती हातात घेऊन त्या विचारतात, "हे कुणाचं गं? देऊन टाक ज्याचं त्याला." ताईंनी लिहिलं होतं, "दादा, अंतकाळी ज्याचं स्मरण तशी गती, असं आपण ऐकतो. आजीला तर काहीच आठवणार नाही. मग तिची एवढ्या वर्षांची भक्ती वाया गेली का?"

या प्रश्नावर पटकन गोड उत्तर देणं मला जमलं नाही. आधी मेंदूत नेमकं काय होतं ते नीट समजून घेऊ, मग शास्त्राकडे वळू.

१९०१ साली जर्मनीत, फ्रँकफर्टच्या एका मनोरुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला स्वतःचं नावही धड लिहिता येत नव्हतं. तिला तपासणारे डॉक्टर होते अलोइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर प्रथिनांचे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांची गुंतवळ झाली होती. या थरांना आज अमायलॉइड म्हणतात आणि गुंतवळीला टाऊ. पुढे कितीतरी दशकं हे थर माणूस गेल्यावरच बघता यायचे.

मग २००४ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे क्लंक आणि मॅथिस, आणि त्यांचे स्वीडनमधले सहकारी, यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतल्या अमायलॉइडची चित्रं प्रसिद्ध केली. पद्धत ऐकायला साधी आहे. अमायलॉइडला चिकटणारं, किंचित किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात. ते मेंदूत जिथे चिकटून राहतं तो भाग पेट स्कॅनमध्ये उजळ दिसतो. पुढे टाऊसाठीही असं द्रव्य मिळालं. एमआरआयमध्ये मेंदूचे कोणते भाग आकसले तेही मोजता येतं. त्यात फार लवकर आकसणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस, कानशिलाच्या आत दडलेला, समुद्रघोड्याच्या आकाराचा. नवी आठवण नोंदवून घेण्याचं काम मुख्यतः त्याचं. म्हणूनच आजीला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण माहेरच्या विहिरीचा काठ लख्ख आठवतो.

या चित्रांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, हे थर लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतात. दोन, थर दिसले म्हणजे माणूस विसरायला लागलाच असं नाही. चाचण्यांत अगदी व्यवस्थित असलेल्या बऱ्याच वृद्धांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडतं. चित्र खरं असतं, पण अख्खा माणूस त्यात मावत नाही.

हा काही फक्त परदेशातला विषय नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. म्हणजे शंभरात सात-आठ जण. आपल्यापैकी अनेकांच्या घरात अशी एक तरी खोली असणार.

आता शास्त्राकडे येऊ. इथे एक गोंधळ होतो, आणि तो शब्दामुळे होतो. डिमेन्शियाला आपण मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही, ६२ आणि ६३ या श्लोकांत, हाच शब्द येतो. तिथे एक उतरती पायरी आहे : विषयांचं चिंतन, मग आसक्ती, मग कामना, मग क्रोध, मग मोह, त्यातून स्मृतिभ्रंश आणि शेवटी बुद्धिनाश. हे वाचून कुणीतरी हळूच म्हणतं, "बघा, मन ताब्यात नव्हतं, म्हणून हे झालं." असं बोलणं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. कारण दुसऱ्या अध्यायातला स्मृतिभ्रंश धडधाकट माणसाचा आहे. त्याला घरचा पत्ता आठवतो, पिन नंबर आठवतो. फक्त आपण कोण आणि आपण कसं वागायला हवं, हे तो रागाच्या भरात विसरतो. अठराव्या अध्यायाच्या शेवटी (श्लोक ७३) अर्जुन स्मृती परत मिळाल्याचं सांगतो, तीही हीच. अर्जुन काही पांडवांची नावं विसरला नव्हता!

आजीची विस्मृती ही नाही. तिच्या पेशी मरत आहेत. तिला 'पतन' म्हणणं म्हणजे मोतीबिंदूला पाप म्हणण्यासारखं आहे.

आणि भक्ती केली की हा आजार होत नाही, असंही कुणी सांगू नये. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी ६७८ कॅथलिक जोगिणींचा अभ्यास सुरू केला. सगळ्यांचं आयुष्य प्रार्थनेत गेलेलं, दिनचर्या जवळपास सारखी. तरी त्यांतल्या काहींना अल्झायमर झाला, काहींना नाही. काहींच्या मेंदूत तर मृत्यूनंतर भरपूर थर सापडले, पण हयातीत त्या शेवटपर्यंत शाबूत होत्या. प्रार्थना म्हणजे काही लस नव्हे. तशी अपेक्षा ठेवून केलेली प्रार्थना हा सौदा झाला.

मग ताईंचा मूळ प्रश्न. अंतकाळचं स्मरण आठव्या अध्यायात येतं, पाचव्या आणि सहाव्या श्लोकांत. पण सहावा श्लोक शेवटपर्यंत वाचा. तिथे भर आहे 'सदा' या शब्दावर. माणूस ज्या भावात सतत राहिला, त्याच भावाचा तो होऊन जातो. भगवंत शेवटच्या मिनिटाला तोंडी परीक्षा घेत नाहीत. पन्नास वर्षांत जे घडत गेलं तेच शेवटाला उरतं.

हे 'घडणं' कुठे असतं? इथे पुन्हा मेंदूची चित्रं उपयोगी पडतात. २०१५ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी निरोगी तरुणांच्या मेंदूत पाहिलं की खूप आधीपासून ओळखीचं संगीत ऐकताना कोणते भाग जागे होतात. मग तेच भाग त्यांनी अल्झायमरच्या रुग्णांत तपासले. बाकी मेंदूच्या मानाने ते भाग बरेच टिकून होते, कमी आकसलेले होते. मुलाचं नाव न आठवणारी आजी टाळ वाजला की अभंगाचं पुढचं कडवं कसं म्हणते, याचा निदान एक धागा इथे हाती लागतो.

पण मी इथेच थांबलो तर ते अर्धसत्य होईल. आजार शेवटाला पोचला की हेही जातं. अभंग जातो, शब्द जातात, घास गिळणंही अवघड होतं. भक्ती मेंदूच्या एखाद्या टिकाऊ कोपऱ्यात ठेवून आपण निश्चिंत झालो, तर तो कोपरा ढासळेल त्या दिवशी काय म्हणणार?

या जागी मला वराह चरम श्लोक आधार देतो. श्रीवैष्णव परंपरेत हे भगवंताचं भूदेवीला दिलेलं वचन मानतात. त्याचा आशय असा : शरीर आणि मन ठीक असताना ज्याने माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा निश्चेष्ट पडला, तर त्याची आठवण मी ठेवतो. म्हणजे स्मरणाची जबाबदारी बाजू बदलते! आजवर आजीने देवाला आठवलं. आता पाळी देवाची.

हे मनात ठेवून पंधराव्या अध्यायातलं अपोहन पुन्हा वाचलं की मला ते वेगळं दिसतं. आठवण जाते ती शून्यात पडत नाही. ज्याने दिली होती त्याच्याकडे जाते. हे कोणत्याही स्कॅनमध्ये दिसणार नाही, आणि स्कॅनने ते खोडलंही जाणार नाही. यंत्र प्रथिनं मोजतं. नातं किती उरलं, हे सांगायचं काम आपण त्याच्यावर टाकू नये.

म्हणून ताईंना मी लिहिलं : काहीही वाया गेलेलं नाही. फक्त त्यातलं थोडं काम आता तुमच्याकडे आलंय. देव हृदयात राहतो असं मानायचं, तर आजीची आठवण ठेवणारे त्याचे हात आपलेच असणार ना? तिला औषध द्यायला, न चिडता पाचव्यांदा तेच उत्तर द्यायला, तिच्या उशाशी बसून तिच्या वाटचा हरिपाठ म्हणायला. आणि रात्री जागणाऱ्या आईला किंवा काकूला एक दिवस सुट्टी द्यायला. हीसुद्धा सेवाच आहे, आणि घरात बहुतेक वेळा ती एकाच बाईच्या अंगावर पडते.

आजचा संकल्प :

घरात किंवा ओळखीत असं कुणी असेल, तर त्यांना भेटल्यावर "ओळखलंत का मला?" असं विचारायचं नाही. त्या प्रश्नात ते दर वेळी नापास होतात आणि ओशाळतात. त्याऐवजी हात हातात घ्यायचा, आपलं नाव आपणच सांगायचं, आणि त्यांच्या आवडीचा एक अभंग म्हणायचा. त्यांनी पुढची ओळ म्हटली तर आनंद. नाही म्हटली तर ती आपण म्हणायची.

आणि आपलं मन आज धड आहे, तोवर आपलं स्वतःचं नामस्मरण उद्यावर टाकायचं नाही.

राम कृष्ण हरी!