वर्गणी आणि हक्क

पगारचिठ्ठीवर दर महिन्याला एक कपात असते, कामगार विम्याची. बारा हजार पगार असेल तर नव्वद रुपये. 1 जुलै 2019 पासून कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. गिरणीतली पोरं विचारतात, "मी ठणठणीत, बायको ठणठणीत, मंग माझे पैसे सक्तीनं काहून कापता?"

प्रश्न खोटा नाही. पण ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलं तर धडधाकट माणूस पैसे देणार नाही, मालक तर मुळीच नाही. उरतील फक्त आजारी. आजाऱ्यानं आजाऱ्याला किती पोसायचं? म्हणून सक्ती. द्यायचं पगाराप्रमाणं, घ्यायचं दुखण्याप्रमाणं. इथं कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. पाटलाच्या उंबऱ्याबाहेर आमच्या बापजाद्यांना भाकर मिळाली, पण मान गेला. ही भाकर तशी नाही.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, 1944 मध्ये, बी. पी. अडारकरांचा आरोग्य विम्याचा अहवाल आला. पुढं 1948 चा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 ला कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली.

पण खरी गोम पुढंच आहे. कायद्यानं मोसमी कारखाने वगळले. जिनिंग, प्रेसिंग, साखर. म्हंजे परभणी जिल्ह्याचं पोटच वगळलं! मानवत-सेलूच्या जिनात कापसाची धूळ छातीत भरून घेणारी आमची माय बाहेर. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनंही मोसमी कारखाने बाहेरच ठेवले.

कुणी म्हणेल, तिनं वर्गणी भरली नाही, मग हक्क कसला? हा तर्क घातकी आहे. एक तर ती भरते. काड्यापेटीवर, साबणावर कर देते, तोही सक्तीचाच. दुसरं, वर्गणीचं दार तिनं लावलं नाही, कायद्यानं लावलं. आणि भीमजयंतीची वर्गणी ज्याला जमत नाही, त्याला आपण मिरवणुकीतून हाकलतो का? हक्क माणूस असण्याचा आहे. वर्गणी म्हंजे तो हक्क चालता ठेवायचा सगळ्यांचा खर्च.

नव्वद रुपये द्यायला माझी ना नाही. पण कपात कमी करा म्हणून मोर्चा काढायच्या आधी, जिनातल्या बाईचं नाव यादीत घाला म्हणून काढू. तिचा वाटा मालकानं आणि सरकारनं भरावा. मोसम संपला म्हणून खोकला संपत नाही.

जय भीम.