मागणं थांबल्यावर

मासिकातल्या फोटोत गिटार दुसऱ्याच्या गळ्यात होती, तरी ती कुठली हे जो पेरीला पाहताक्षणी कळलं. पेरी हा बॉस्टनच्या ‘एरोस्मिथ’ या रॉक बँडचा गिटारवादक. फोटोतला लांब कुरळ्या केसांचा तरुण म्हणजे ‘गन्स एन’ रोझेस’ या रॉक बँडचा गिटारवादक स्लॅश. त्याच्या हातातली १९५९ सालची गिब्सन कंपनीची लेस पॉल ही गिटार काही वर्षांपूर्वी पेरीची होती. अडचणीच्या दिवसांत ती विकली गेली होती.

नुसत्या फोटोवरून गिटार ओळखता येते? ही येते. मिशिगन राज्यातल्या कलामझू गावच्या कारखान्यात १९५८ ते १९६० या काळात अशा साधारण दीड हजार गिटारी बनल्या. मेपलच्या एकाच फळीचे दोन पातळ काप काढायचे, वहीची पानं उघडावीत तसे ते शेजारी शेजारी ठेवायचे आणि गिटारीच्या दर्शनी भागावर बसवायचे, अशी ती पद्धत. त्यामुळे लाकडाच्या लहरी मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरतात, आणि प्रत्येक झाडाच्या लहरी वेगळ्या असल्याने प्रत्येक गिटारीचा चेहरा वेगळा होतो. वरून कडेला लालसर आणि मध्ये पिवळा असा रंग द्यायचे. त्यातला तांबडा रंग उन्हाने विटतो. एखादी गिटार मधासारखी होते, एखादी तंबाखूच्या पानासारखी. पेरीची या दुसऱ्या जातीची. त्यात पट्ट्याच्या बकलाने पडलेले ओरखडे आणि कडेला उडालेले टवके धरा. गुराख्याला शंभर गुरांत आपली गाय कळते, तसं हे कळणं असतं.

नवी असताना या गिटारीची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास होती आणि तरी ती फारशी खपत नव्हती. म्हणून १९६१ मध्ये कंपनीने तिचा आकारच बदलून टाकला. पुढे १९६६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने अशाच एका गिटारीवर वाजवलेला ब्लूज लंडनमधून जगभर पोचला आणि जुन्या लेस पॉलचा शोध सुरू झाला. आज तिचे भाव लाखो डॉलरमध्ये बोलले जातात. क्लॅप्टनची ती गिटार मात्र त्याच वर्षी चोरीला गेली. ती त्याला परत मिळाली नाही.

पेरीचं तसं नव्हतं. १९७५ आणि १९७६ मध्ये लागोपाठ आलेल्या ‘टॉइज इन द ॲटिक’ आणि ‘रॉक्स’ या अल्बमनी एरोस्मिथला शिखरावर नेलं होतं. मग अमली पदार्थ आले, भांडणं आली, आणि १९७९ मध्ये पेरी बँडमधून बाहेर पडला. पुढची काही वर्षं ओढाताणीची गेली. त्याच काळात गिटार हातची गेली. टेक्ससचा गिटारवादक एरिक जॉन्सन याच्याकडून ती स्लॅशकडे आली. १९८४ मध्ये पेरी बँडमध्ये परतला, पुन्हा यश आलं, पैसा आला. विकलेलं परत घेण्याची ऐपत आली तेव्हा ती वस्तू अशा माणसाकडे होती, ज्याला पैशांची गरज नव्हती.

आपल्या भाषेत गहाण आणि विक्री यांत फार स्पष्ट फरक आहे. गहाण टाकलेली पाटली सोडवून आणता येते. ती सावकाराच्या तिजोरीत असली तरी घरात तिचा उल्लेख ‘आपली पाटली’ असाच होतो. विकलेल्या पाटलीबद्दल तसं बोलता येत नाही. तरी मन बोलतंच. पैसे मोजून घेतले, पावती झाली, व्यवहार पुरा झाला, आणि वीस वर्षांनी ती दुसऱ्याच्या हातात दिसली की तोंडून निघून जातं, ‘अरे, ही तर आमची!’ ज्या घरांनी कधीकाळी पोरांच्या फीसाठी आजोबांची पेटी विकली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पेरीने स्लॅशकडे गिटार परत मागितली. पैसे द्यायची तयारी होती. स्लॅश नाही म्हणाला. पेरीने पुन्हा मागितली, मग पुन्हा. दोघांची चांगली ओळख होती. १९८८ च्या उन्हाळ्यात एरोस्मिथच्या अमेरिका दौऱ्यात गन्स एन’ रोझेस आधी वाजवायचे आणि मग मुख्य कार्यक्रम व्हायचा. पण या एका विषयाने त्या मैत्रीत खडा पडू लागला. पेरीनेच पुढे सांगितलं आहे की, गोष्ट मैत्रीच्या मुळावर येते आहे असं दिसल्यावर त्याने मागणं सोडून दिलं.

इथे वाचणाऱ्याचा जीव पेरीसाठी तुटतो, आणि स्लॅश थोडा कोत्या मनाचा वाटतो. हा न्याय बरोबर नाही. स्लॅशने ती रीतसर विकत घेतली होती. शिवाय ती त्याच्यासाठी नुसती जुनी, महागडी गिटार नव्हती. शाळकरी वयात ‘रॉक्स’ ऐकून आपलं आयुष्य बदललं, असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. ज्या माणसाचं वादन ऐकून पोरगा गिटारीच्या नादी लागला, त्याच माणसाची गिटार त्याच्या हाती आली होती. एकाची आठवण जुनी म्हणून तिचं वजन जास्त, असं कोणत्या तराजूने ठरवायचं?

आणि मागणाऱ्याचं काय? एकदा विचारण्यात गैर काही नाही. मनातली ओढ मित्राला सांगायचीच नाही, हाही दुरावाच झाला. पण नकार ऐकल्यावर पुन्हा विचारलं की प्रश्नाची जात बदलते. समोरच्याला दरवेळी नव्याने नाही म्हणावं लागतं आणि दरवेळी थोडं अपराधी वाटून घ्यावं लागतं. भेट ठरली की पोटात गोळा येतो, आज पुन्हा निघणार का विषय? मित्राला असं कोंडीत धरणं हा अन्याय आहे, मग मागणाऱ्याचं दुःख कितीही खरं असो.

चोरीची गोष्ट निराळी. कॅनडाचा गिटारवादक रँडी बॅकमन याने पोरवयात मिळेल ते काम करून चारशे डॉलर साठवले आणि १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार घेतली. १९७० च्या दशकात टोरँटोच्या एका हॉटेलातून ती चोरीला गेली. चाळीसहून अधिक वर्षांनी एका चाहत्याने इंटरनेटवरच्या चित्रांतून लाकडाच्या खुणा जुळवत तिचा माग काढला, तो थेट जपानपर्यंत. ताकेशी नावाच्या संगीतकाराने ती २०१४ मध्ये टोकियोतल्या दुकानातून घेतली होती, चोरीचा काहीही पत्ता नसताना. इथे बॅकमनचा दावा खरा होता, आणि ताकेशीचाही हात स्वच्छ होता. ताकेशीने तशाच गिटारीच्या बदल्यात ती द्यायचं कबूल केलं. बॅकमनने त्याच वर्षीची, त्याच घडणीची गिटार शोधून काढली, आणि १ जुलै २०२२ रोजी टोकियोतल्या कॅनडाच्या वकिलातीत दोघांनी गिटारींची अदलाबदल करून एकत्र वाजवलं. निर्दोष माणसाचं नुकसान होऊ न देता आपलं परत मिळवायचं कसं, याचं इतकं सुबक उदाहरण क्वचित दिसतं.

पण पेरीजवळ असा दावाच नव्हता. त्याच्या बाजूने ना कायदा होता, ना न्याय. होती ती फक्त इच्छा, आणि तीही त्याने बोलून दाखवायचं थांबवलं होतं.

सप्टेंबर २००० मध्ये पेरी पन्नास वर्षांचा झाला. वाढदिवसाच्या समारंभात ‘चीप ट्रिक’ हा बँड वाजवत होता. पेरीही त्यांच्याबरोबर वाजवायला उभा राहिला, आणि त्याच्या गिटारी सांभाळणाऱ्या मदतनिसाने त्याच्या हातात जी गिटार दिली ती तंबाखूच्या रंगाची, १९५९ ची. स्लॅशने ती वाढदिवसाची भेट म्हणून दिली होती.

इतकी वर्षं पैसे पुढे केले तेव्हा मिळाली नाही, ती अशी मिळाली. स्लॅशने नेमकं का दिली हे त्याचं त्याला ठाऊक. पण ती देताना त्याला कोणी मागत नव्हतं, हे महत्त्वाचं वाटतं. तगाद्याला कंटाळून त्याने ती आधीच देऊन टाकली असती, तर पेरीला गिटार मिळाली असती आणि दोघांमध्ये एक वसुली झाली असती. पेरीने हट्ट सोडला, तेव्हाच स्लॅशला भेट देण्याची मोकळीक मिळाली. आणि तिचा बाजारभाव सतत चढत असताना त्याने ती दिली, हेही विसरू नये.

२०१३ मध्ये गिब्सनने त्या गिटारीच्या मोजक्या प्रतिकृती बाजारात आणल्या. रंग तसाच विटका, लाकूड तसंच लहरींचं. मूळ गिटारीवरचे टवके आणि ओरखडेही काही प्रतिकृतींवर कारागिरांनी हाताने उतरवले. त्यातला कोणता पेरीच्या पहिल्या वर्षांतला, कोणता जॉन्सनकडचा आणि कोणता स्लॅशच्या बकलाचा, हे आता कोणाला सांगता येणार नाही.