पाप बापाचं, वाटा मुलांचा

लिंबागणेशच्या भालचंद्राची कथा बीडकडे घरोघरी सांगतात. चंद्र गणपतीला हसला, शाप ओढवून घेतला आणि इथे तप करून त्यातून सुटला. हसला तोच, तपाला बसलाही तोच, हिशेब सरळ. पण बाप जन्मभर दारू गाळून मेला आणि भट्टी, जमीन, परवाना असं सगळं मागे ठेवून गेला, तर वारशात पापही येतं का?

याचं सगळ्यात थंड डोक्याचं उत्तर विज्ञानेश्वराने दिलं. कल्याणीच्या, म्हणजे आजच्या बसवकल्याणच्या, चालुक्य दरबारात सहाव्या विक्रमादित्याच्या काळी त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. मालकी शास्त्राने ठरते की लोकव्यवहाराने? शास्त्राने ठरत असेल, तर निषिद्ध मार्गाने मिळवलेलं धन बापाचं झालंच नाही. मग मुलांनी वाटायचं काय? त्याने कौल व्यवहाराला दिला. प्रायश्चित्त धन मिळवणाऱ्याने घ्यावं. मुलांकडे ते धन दाय, म्हणजे वारसा, म्हणून आलं, त्यांना दोष नाही. त्याच्या समोर भट्टीवाला नव्हता, नको ते दान घेणारा ब्राह्मण होता. तर्क मात्र भट्टीलाही चपखल बसतो.

भांडणाऱ्या भावांना याहून सोयीचं शास्त्र सापडणार नाही. मनू आणि किशोर छाब्रिया या मद्यउद्योजक भावांचं 1990च्या दशकात फाटलं ते औरंगाबादेत कारखाना असलेल्या बीडीए कंपनीवरून आणि तिच्या ‘ऑफिसर्स चॉइस’ व्हिस्कीवरून. मनू 2002मध्ये वारले, तरी वाद चालूच. 2005मध्ये मनूंच्या कुटुंबाची शॉ वॉलेस कंपनी विजय मल्ल्यांच्या हाती गेली, तेव्हा कुठे तो मिटला. व्हिस्की कुणाची, एवढाच प्रश्न होता.

तुकोबांच्या घरीही वाटणी झाली होती, तीही सावकारीची. परंपरा सांगते की खतपत्रांचे दोन भाग झाले. धाकट्या कान्होबाचा भाग त्याला मिळाला आणि तुकोबांनी आपला इंद्रायणीत सोडला. कीर्तनात नदी रंगवून सांगतात, कान्होबाचा अर्धा भाग घाईत उरकतात. खरी मेख तिथेच आहे. विरक्ती स्वतःच्या वाट्यापुरती. भावाची मालकी त्यांनी नाकारली नाही. विज्ञानेश्वरानेही यावर मान डोलावली असती.

आता वारसांत लेकही आहे. मृत्युपत्र नसेल, तर 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत तिला भावाइतकाच वाटा मिळतो. सासरच्या गावात दारूबंदीसाठी ‘आडव्या बाटली’ला मत देणाऱ्या बाईला माहेरच्या दारू दुकानातला वाटा टोचणारच. अशा वेळी भाऊ मोठ्या प्रेमाने हक्कसोडपत्र पुढे करतात: ताई, हे पाप तुला कशाला? पण तिने सही केल्याने दुकानाचं शटर खाली येत नाही. तिचा वाटा भावांच्या नावावर चढतो, धंदा तसाच चालतो. तुकोबांसारखं करायचं, तर तिला आधी वारसनोंदीत नाव लावून वाटणी मागावी लागेल, आणि भावांना नेमकी तीच नको असते.